विमा त्यांचा, दवाखानाही त्यांचाच

रायपूरच्या भनपुरी औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराने परवा मला आपली वेतनपावती दाखवली. १६,००० रुपये वेतनातून १२० रुपये कर्मचारी राज्य विम्यासाठी कापले होते. मालकाचा हिस्सा ५२० रुपयांचा. त्याने विचारले, “साहेब, विमा त्यांचा, दवाखानाही त्यांचाच. मग दाद कोणाकडे मागायची?”

हा प्रश्न आता केवळ कामगारांपुरता राहिलेला नाही.

या व्यवस्थेला इतिहास आहे. डॉ. आंबेडकरांकडे मजूर खाते असताना, १९४४ मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. वर्गणी गोळा करणाऱ्यानेच उपचारही पुरवावेत, हे तिचे सूत्र.

आता खासगी क्षेत्रही त्याच वाटेने निघाले आहे. रायपुरातही रुग्णालय असलेल्या नारायणा हेल्थ समूहाला जानेवारी २०२४ मध्ये आरोग्यविम्याचा परवाना मिळाला. अमेरिकेत युनायटेडहेल्थ हा विमा समूह ‘ऑप्टम’मार्फत दवाखाने चालवतो.

याचा लाभ उघड आहे. एरवी रुग्णालय देयक फुगवते, विमा कंपनी त्याला कात्री लावते आणि मधल्या मध्ये रुग्ण भरडला जातो. दोघे एक झाले की अनावश्यक तपासण्यांचा मोह उरत नाही. परंतु त्याच क्षणी उलटा मोह जन्मतो: उपचार जितके कमी, तितकी शिल्लक अधिक.

विमा कंपनीने दावा नाकारला, तर निदान कागद हाती असतो; तो घेऊन विमा लोकपालाकडे जाता येते. शस्त्रक्रियेचा सल्लाच दिला गेला नाही, तर दावा उद्भवत नाही आणि कागदही उरत नाही. नकार कचेरीतून तपासणीच्या खोलीत सरकतो आणि अदृश्य होतो.

म्हणून अशा संस्थांना परवाना देताना दोन अटी हव्यात: बाहेरील डॉक्टरचे दुसरे मत विम्याच्या खर्चाने घेण्याचा हक्क आणि उपचार नाकारल्यास त्याची लेखी कारणे.

त्या कामगाराला मी एवढेच सांगितले, “मोठ्या रुग्णालयात पाठवत नसतील, तर तसे लिहून मागा.” हा सल्ला अपुरा आहे, हे मी जाणतो. लिहून देणे डॉक्टरवर बंधनकारक करणे, हे शासनाचे काम आहे.