वुडचकसाठी रायफल

एन. सी. सी.च्या शिबिरात चांदमारीच्या दिवशी माझ्या ५ गोळ्यांपैकी ४ च टार्गेटवर सापडल्या. उस्तादांनी ग्रुपिंगकडे पाहिलेसुद्धा नाही. “पाँचवी गोली कहाँ गई?” एवढेच त्यांनी विचारले. मी म्हणालो, “मिट्टी में गई होगी, उस्ताद.” “होगी?” असे म्हणून ते पुढच्या मुलाकडे वळले.

तो प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे रायफलींविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा अमेरिकेतील ‘व्हार्मिंट’ शिकारीत हाच प्रश्न पुन्हा भेटला. ‘व्हार्मिंट’ म्हणजे शेतीला उपद्रव देणारा प्राणी. ‘व्हर्मिन’ या शब्दाचेच हे रांगडे रूप. पेनसिल्व्हेनियाकडे हा मान वुडचकचा. खारीच्या कुळातला, मांजराएवढा हा प्राणी लसूणघास फस्त करतो आणि शेतात बिळे करून ठेवतो. त्यांत गुरांचे पाय अडकतात. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद उरलेला नाही. तेव्हा हे सारे तिकडचेच समजावे.)

वुडचक बिळाच्या तोंडाशी उभा राहून टेहळणी करतो. शे-दोनशे यार्डांच्या आत तो सहसा येऊ देत नाही. आमच्या ओळखीची पॉइंट टू-टू येथे लंगडी पडते. तिची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमची, गोळी सेकंदाला १२०० फुटांच्या आसपास धावते. पाऊणशे यार्डांपलीकडे ती झपाट्याने खाली येते. जनावर जखमी होऊन बिळात शिरते आणि आत तडफडत मरते. शिवाय अशी मंद गोळी दगडावर आपटून उसळते, आणि वर तोंड करून सुटली तर दीड मैल जाऊ शकते. तेवढ्यात कुणाचे तरी घर लागतेच.

हरणाची मोठी रायफल घ्यावी, तर तिचीही गोळी उसळते आणि धक्क्याने खांदा दुखतो तो वेगळाच. तोडगा निघाला तो लहान पण अतिवेगवान गोळीचा. १९३५ च्या ‘.२२० स्विफ्ट’ने ४००० फुटांचा वेग ओलांडला, पण तिची नळी लवकर झिजते अशी तक्रार राहिली. १९५० मध्ये ‘.२२२ रेमिंग्टन’ आली आणि १९६० नंतरच्या दशकात तिचीच भावंड ‘.२२३’. हिचे काडतूस लष्करी काडतुसाच्या जातीचे, म्हणून स्वस्त आणि कुठेही मिळणारे. तिच्या ५५ ग्रेनच्या गोळीचा वेग ३२०० फुटांच्या घरात. शिकारीच्या गोळीचे आवरण मुद्दाम पातळ ठेवलेले असते, त्यामुळे ती मातीला लागताच बहुधा तिचा चुरा होतो. बहुधाच; म्हणून पाठीमागे टेकाड किंवा उंच बांध हवाच.

मला निवडायची असती तर मी बोल्टची ‘.२२३’ घेतली असती, मध्यम जाडीच्या नळीची. जाड नळी उशिरा तापते हे खरे, पण नऊ-दहा पौंडांचे ओझे घेऊन शेते तुडवायची कुणी? दुर्बीण ९ किंवा १२ पटींची पुरे. त्याहून मोठीत उन्हाचे मृगजळच नाचताना दिसते. नेम २०० यार्डांवर जुळवला, तर १०० यार्डांवर गोळी दीडेक इंच वर लागते आणि ३०० वर सातआठ इंच खाली. ताशी १० मैलांचा आडवा वारा २०० यार्डांवर तिला सुमारे ४ इंच सरकवतो, आणि वुडचकची छाती तेवढीच रुंद! तेव्हा वारा असेल त्या दिवशी चाप न ओढणेच बरे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. ज्या चुऱ्यामुळे गोळी उसळत नाही, तोच चुरा मेलेल्या जनावराच्या मांसात राहतो, आणि ते खाणाऱ्या गरुडाच्या पोटात शिसे जाते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. इतरत्र शिसे वापरायचेच असेल, तर मारलेला वुडचक उघड्यावर न टाकता खोल पुरावा लागतो.