उन्हवऱ्याचं ऊन पाणी

कोकणात गरम पाण्याला ‘ऊन पाणी’ म्हणतात, आणि ते जिथे जमिनीतून आपोआप वर येतं त्या गावांच्या नावांतही हे ऊन उतरलं आहे. सुधागड-पालीजवळचं उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे आणि दापोली तालुक्यातलं उन्हवरे ही त्यातली काही गावं. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात असे अनेक झरे आहेत. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना संगमेश्वरच्या अलीकडे आरवली आणि तुरळला कुंडं लागतात. महामार्गापासून थोडं आत राजवाडीलाही आहे. त्या मानाने उन्हवरे आडबाजूला, दापोलीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. कुटुंबाला घेऊन निवांत जायचं असेल तर हे गाव चांगलं.

पाणी तापतं कसं?

इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून पुन्हा वर येतं आणि येताना दगडातले क्षार व गंधक सोबत आणतं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो या गंधकामुळे. उन्हवऱ्याला उगमाजवळ पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस असतं. अल्लाहने जमिनीच्या पोटात चूल मांडून ठेवली आहे आणि तिला लाकूड लागत नाही!

आम्ही गेलो तो हिवाळ्यातला दिवस होता. फज्रनंतर दापोलीहून निघालो. लाल मातीचा वळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना आंबा-काजूच्या बागा. कुंडावर पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ तरंगत होती. स्त्रियांसाठी आडोशाची वेगळी सोय असल्याने अम्मी, चाची आणि मुली निर्धास्त होत्या. चाचीने पाण्यात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. दादी मात्र पायरीवर बसून पाय सोडायला लागल्या. म्हणाल्या, “अगं, कोमट तर आहे!”

दादींना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. चाचीने त्यांचे पाय तसेच वर धरले.

दादी खोटं बोलत नव्हत्या. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होतात आणि गरम-थंड कळेनासं होतं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. पायाला फोड आला तरी दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. मग जखम चिघळते आणि बोट किंवा पाय काढण्याची वेळ येऊ शकते. चाचीने बादलीत थंड पाणी मिसळलं, स्वतःच्या कोपराने ते तपासलं आणि तांब्यातांब्याने दादींच्या गुडघ्यांवर सोडलं. दादी खूश झाल्या. शेकाने आखडलेले सांधे मोकळे होतात, वेदना थोडा वेळ कमी होते, हे खरं आहे. पण या पाण्याने संधिवात किंवा शुगर मुळापासून जात नाही. झऱ्यावर जाऊन आलो म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये.

गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि रक्तदाबाचे रुग्ण यांनी गरम कुंडात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. निरोगी माणसानेही दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावं, सावकाश उठावं आणि भरपूर पाणी प्यावं. लहान मुलांचा हात एक क्षणही सोडू नये. उगमाच्या कठड्यापाशी तर मुळीच नाही.

वुजू आणि गुस्ल

या पाण्याने वुजू होतो का, असा प्रश्न तिथे हमखास निघतो. पाण्याचा वास, रंग किंवा चव त्याच्या उगमातल्या माती-क्षारामुळे बदलली असेल तर ते पाणी पाकच राहतं आणि पाक करणारंही राहतं, असं हनफी व शाफिई दोन्ही फिकहांत आहे. फार कढत पाणी मात्र थंड होऊ द्यावं. अंग भाजत असेल तर अवयव नीट धुतले जात नाहीत.

एक गोष्ट आपल्या घरांत फार थोड्यांना ठाऊक असते. कोमट, साचलेल्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढू शकतो. असं पाणी पोटात गेल्याने हा रोग होत नाही. नाकात खोल गेलं तर तो मेंदूपर्यंत पोचतो. रोग अत्यंत दुर्मिळ आहे, पण जडला तर रुग्ण क्वचितच वाचतो. कराचीत वुजू करताना नाकात घेतलेल्या पाण्याशी या रोगाचा संबंध जोडला गेला आहे. म्हणून कुंडात डोकं बुडवू नये आणि मुलांना बुड्या मारू देऊ नये. नाकात पाणी घेण्यासाठी घरून उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली न्यावी. त्यामुळे सुन्नतही पाळली जाते आणि जीवही जपला जातो.

पाणी सर्वांचं

पाण्यात सगळ्या माणसांचा वाटा आहे, ही आपल्या नबींची (स.) शिकवण. अनेक कुंडांना लागून मंदिरं आहेत, गावकऱ्यांची त्या जागेवर श्रद्धा असते. तिथे आपण पाहुणे असतो, तेव्हा चपला, आवाज आणि फोटो यांचं भान ठेवावं. साबण-शाम्पू कुंडात वापरू नये. अंग चोळायचं असेल तर बादलीत पाणी घेऊन बाजूला बसावं. डब्यातल्या बिर्याणीची पत्रावळ आणि बाळाचा डायपर परत गाडीत न्यावा.

सोबत बादली, तांब्या, सुती कपड्यांचा जादा जोड, न घसरणाऱ्या चपला आणि पिण्याचं पाणी असू द्या. हिवाळ्यात सकाळी लवकर निघा. वेळ उरला तर दापोली तालुक्यातलीच पन्हाळेकाजीची २९ लेणी मुलांना दाखवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांनी “कोमट आहे” म्हटलं, तरी पाण्यात आधी आपला हात घालून पाहा.