३१ आणि ३१०

२०११ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाच आठवड्यांच्या आत, अमेरिकेतल्या दोन छोट्या खासगी कॉलेजांतल्या दोन मोजण्या थांबल्या. एक मोजणी विजयांची होती. ओहायो राज्यातल्या केनयन कॉलेजच्या पुरुष जलतरण संघानं १९८० ते २०१० असं सलग ३१ वर्षं राष्ट्रीय विजेतेपद कुणाला घेऊ दिलं नव्हतं. दुसरी मोजणी पराभवांची. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकचा पुरुष बास्केटबॉल संघ आपल्या लीगमधले सलग ३१० सामने हरला होता. दोन्ही मोजण्या थांबल्या त्या अवघ्या एका गुणानं. कॅल्टेक ४६-४५ असं जिंकलं, आणि केनयन ४९९.५ विरुद्ध ५००.५ असं हरलं.

हा योगायोग प्रथम ध्यानात आला तेव्हा मी आकडे दोनदा ताडून पाहिले. पण खरं नवल त्याच्या पुढे आहे. ही दोन्ही कॉलेजं एकाच विभागात खेळतात आणि दोघांना नियमही तेच लागू आहेत. त्यातला सर्वांत कडक नियम असा, की खेळतो म्हणून विद्यार्थ्याला एक डॉलरचीही शिष्यवृत्ती द्यायची नाही. मग एकाच नियमाखाली अशी दोन टोकं कशी उभी राहिली?

अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ एनसीएए नावाची संघटना चालवते. १९७३ मध्ये तिनं कॉलेजांचे तीन विभाग केले. टीव्हीवर दिसतात ती लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम, ते कोट्यधीश प्रशिक्षक आणि खेळाच्या जोरावर फुकट शिकणारे खेळाडू, हे सगळं पहिल्या विभागाचं जग. तिसऱ्या विभागात यातलं काही नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर इतर कुणालाही मिळते तशी मदत खेळाडूलाही मिळते. पण संघ सोडला म्हणून ती बंद होत नाही, आणि शेवटच्या क्षणी विजयी गोल मारला म्हणून वाढतही नाही. गंमत म्हणजे तिन्हींत सर्वांत मोठा विभाग हाच. चारशेच्या वर कॉलेजं यात आहेत आणि त्यांतली बहुतेक छोटी, खासगी.

या छोट्या कॉलेजांचं एक गणित मला विलक्षण वाटतं. बास्केटबॉलच्या संघाला पाच खेळाडू मैदानात लागतात आणि दहाएक बाकावर. कॉलेज केवढं आहे याच्याशी त्या संख्येचा काही संबंध नाही. मिशिगनसारख्या अवाढव्य सरकारी विद्यापीठाचे संघ तीसच्या आसपास आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात विद्यार्थी जेमतेम दोन हजार, पण संघ तिथेही तिसाच्या घरातच. म्हणजे मिशिगनमध्ये विद्यार्थ्यांच्या मोठ्या गर्दीत एखादा खेळाडू दिसायचा, तर विल्यम्सच्या खाणावळीत तुमच्या टेबलावर बसलेल्या तिघांपैकी एक कुठल्या ना कुठल्या संघात असायचा. विल्यम बोवेन आणि जेम्स शुलमन यांनी २००१ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. खेळाचा खरा भार मोठ्या विद्यापीठांवर नसून छोट्या कॉलेजांवर पडतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं.

भार म्हणजे पैशांचा नव्हे, जागांचा. प्रवेशाच्या साडेतीनशे-चारशेच जागा असतील तर फुटबॉलसाठी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलसाठी, दरवर्षी किती जागा द्यायच्या? पन्नास-साठ गडी नसले तर तो संघच उभा राहत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजला हे गणित सोडवता आलं नाही. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी फुटबॉल संघच बंद केला. माजी विद्यार्थी खवळले, आणि मला त्यांचा राग समजू शकतो. दुसरीकडे, स्वार्थमोरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या हॅवरफर्ड कॉलेजनं क्रिकेटचा संघ आजतागायत सांभाळला आहे. कॉलेजचा अधिकृत क्रिकेट संघ असलेलं अमेरिकेतलं हे एकमेव कॉलेज. कुठला खेळ जपायचा आणि कुठल्या खेळावर पाणी सोडायचं हे ठरवताना छोटं कॉलेज आपण कोण आहोत हेच ठरवत असतं.

कॅल्टेकनं काय ठरवलं ते आता पाहा. पासाडेनातली ही संस्था विज्ञान-तंत्रज्ञानाची. पदवीचे विद्यार्थी हजाराच्या आसपास. प्रवेशाच्या वेळी खेळाडूला सवलत नाही. प्रशिक्षक एखाद्या उंच, चपळ मुलाला पत्र लिहू शकतो, येऊन बघ म्हणू शकतो. पण त्या मुलाला गणित आणि भौतिकशास्त्र इतरांइतकंच आलं पाहिजे. त्यामुळे शाळेच्या संघात कधीच न खेळलेली मुलंही इथे संघात असायची. समोर उभे राहायचे ते सहा-सहा वर्षं रोज खेळून आलेले प्रतिस्पर्धी.

१९८५ मध्ये लीगमधला एक सामना जिंकला आणि मग वर्षांमागून वर्षं गेली. वर्षाला साधारण बारा सामने. एक खेळाडू संघात राहतो चार वर्षं. म्हणजे सहा पिढ्यांहून अधिक मुलं अशी, ज्यांनी पहिल्या वर्षी संघात नाव घातलं, चार वर्षं सराव केला, पदवी घेतली आणि लीगमधला एकही विजय न पाहता निघून गेली. याच काळात कॅल्टेकच्या पाच प्राध्यापकांना नोबेल मिळालं: मार्कस, लुइस, झेवेल, पोलित्झर, ग्रब्ज. आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी याच कॅल्टेकचे. धड तारा नाही आणि ग्रहही नाही अशा तपकिरी बटूचा पहिला निर्विवाद पुरावा १९९५ मध्ये जगासमोर आला, त्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. तोवर त्यांच्याच आवारातला बास्केटबॉल संघ लीगमध्ये दहा वर्षं हरत आला होता.

त्या संघाची कुणी कीव केली तर मला पटत नाही. ही मुलं दिवसभर प्रयोगशाळेत असायची, रात्री गृहपाठाची न संपणारी चळत समोर असायची आणि मधले दोन तास ती मैदानात काढायची. ना शिष्यवृत्ती, ना जिंकण्याची आशा, ना टीव्हीचा कॅमेरा. खेळण्यासाठी खेळणं म्हणजे काय हे इतक्या शुद्ध रूपात मला दुसरीकडे सापडलेलं नाही. आणि त्या हरण्यातून काहीच निघालं नाही असंही नाही. डीन ऑलिव्हर हा त्या पराभवांच्या काळातला कॅल्टेकचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. बास्केटबॉलच्या डावाचा प्रत्येक तुकडा आकड्यांत कसा मांडायचा याचा त्यानं ध्यास घेतला आणि २००४ मध्ये ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ हे पुस्तक लिहिलं. आज व्यावसायिक संघ ज्या आकडेशास्त्रावर खेळाडू निवडतात, त्याच्या पायाभरणीत या पुस्तकाचं नाव घ्यावंच लागतं.

आधी, जानेवारी २००७ मध्ये, एक भिंत पडली. लीगबाहेरच्या बार्ड कॉलेजला कॅल्टेकनं ८१-५२ असं हरवलं आणि तिसऱ्या विभागातल्या संघांविरुद्धची सलग २०७ पराभवांची मालिका संपली. लीगची मालिका मात्र चालूच राहिली. मग २२ फेब्रुवारी २०११ उजाडला. हंगामातला शेवटचा सामना घरच्या मैदानावर, समोर ऑक्सिडेंटल. बराक ओबामा पहिली दोन वर्षं शिकले ते हेच कॉलेज. ४५-४५ अशी बरोबरी, घड्याळात ३.३ सेकंद उरलेले आणि फ्री थ्रोच्या रेषेवर रायन एल्मक्विस्ट, शेवटच्या वर्षाचा, संगणकशास्त्राचा विद्यार्थी. चेंडू जाळीतून खाली आला आणि ३१० वर मोजणी थांबली.

केनयनची कथा याच्या उलट टोकाची. टेकडीवरच्या गॅम्बिअर नावाच्या गावात हे कॉलेज आहे. खरं तर कॉलेज आहे म्हणूनच गाव आहे. विद्यार्थी सतराशेच्या आसपास. कॉलेजचं नाव साहित्यासाठी, ‘केनयन रिव्ह्यू’ या नियतकालिकासाठी. तिथे जिम स्टीन नावाचे प्रशिक्षक आले आणि जलतरणाचा असा संघ घडला, की पहिल्या विभागातली शिष्यवृत्ती सोडून मुलं या आडगावी येऊ लागली. मुलींच्या संघानंही १९८४ ते २००० अशी सलग १७ विजेतेपदं मिळवली. दोन्ही संघांची मिळून स्टीन यांच्या नावावर पन्नास राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. अशी साखळी स्वतःच स्वतःला ओढत नेते असं मला वाटतं: आपल्या वर्षी ती तुटू नये म्हणून प्रत्येक तुकडी जीव तोडून पोहते.

आणि मग तो अर्धा गुण. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक शर्यतीत पहिल्या सोळा जणांना गुण मिळतात. पहिल्याला २०, दुसऱ्याला १७, तिसऱ्याला १६, असं उतरत सोळाव्याला १. रिलेला दुप्पट. दोघांची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखी भरली तर दोन्ही जागांचे गुण एकत्र करून निम्मे निम्मे वाटतात. अर्धा गुण जन्मतो तो असा. २०११ च्या मार्चमध्ये चार दिवसांच्या सगळ्या शर्यती संपल्या तेव्हा ओहायोतलंच, शेजारचं डेनिसन विद्यापीठ एका गुणानं पुढे होतं. केनयनच्या कुठल्याही एका मुलाचं बोट कुठल्याही एका शर्यतीत भिंतीला जरा आधी टेकलं असतं आणि त्याची एक जागा वर सरकली असती, तर निदान बरोबरी झाली असती. हजाराच्या घरातल्या गुणांची वाटणी आणि निर्णय एका बोटाच्या पेरावर! २०१३ मध्ये केनयननं विजेतेपद परत मिळवलं. कॅल्टेकला अशी परत मिळवण्याजोगी गोष्ट नव्हती.

ज्या लीगमध्ये कॅल्टेक २६ वर्षं हरत राहिलं, तिच्या संस्थापकांपैकी ते एक आहे. १९१५ मध्ये, संस्थेचं नाव थ्रूप कॉलेज होतं तेव्हापासून. त्या २६ वर्षांत एकही हंगाम असा गेला नाही, की कॅल्टेकनं संघ उतरवला नाही.