मृत्युलेखातला न्याय

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातले एक जुने नेते वारले. मी त्यांना आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं. त्यांच्याविरुद्ध पत्रकं लिहिली होती, सभांत बोललो होतो, एका साप्ताहिकातून त्यांच्यावर वर्षानुवर्षं सणसणीत टीका केली होती. ते गेल्यावर त्याच साप्ताहिकाने माझ्याकडे मृत्युलेख मागितला आणि मी तो मनापासून लिहिला. दुष्काळात विरोधकांच्या गावांनाही त्यांनी चारा छावण्या कशा मिळवून दिल्या, हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. ते मी आता लिहिलं. अंक निघाल्यावर त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. लेख चांगला झालाय, म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "तात्या असताना लिहिला असतात, तर त्यांनी वाचला असता."

मी पदवीधर इतिहाससंशोधक नव्हे. सहकारी बँकेत कारकुनी करता करता जुनी वर्तमानपत्रं वाचण्याचा नाद लागला, तो नोकरी सुटली तरी सुटला नाही. पण त्या फोननंतर एक गोष्ट वेगळी दिसू लागली. विरोधकाविषयी वृत्तपत्राने आदर कसा बाळगावा असा विषय निघाला, की आपल्याकडे टिळकांचं उदाहरण हमखास दिलं जातं. आगरकर गेले तेव्हा टिळकांनी काय लिहिलं, रानडे गेले तेव्हा काय लिहिलं, गोखल्यांच्या चितेपाशी ते काय बोलले. मीही भाषणांतून हे दाखले दिले आहेत. हे सगळे दाखले माणूस गेल्यानंतरचे आहेत, हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिला दाखला आगरकरांचा. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला तो मित्रांच्या मंडळीचा म्हणून. कोल्हापूर प्रकरणात दिवाण माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल टिळक आणि आगरकर दोघांनीही डोंगरीचा तुरुंग भोगला, तो १०१ दिवस. पुढे सामाजिक सुधारणेवरून, विशेषतः रखमाबाईंच्या खटल्याच्या काळात, मतभेद विकोपाला गेले. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. संमतिवयाच्या कायद्यावर दोघे समोरासमोर उभे होते. वादाने व्यक्तिगत वळण घेतलं, आणि त्यात दोन्ही पत्रांच्या लेखण्या सारख्याच धारदार होत्या. पुण्यातल्या सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी स्वतः पाहिली.

१७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. वय उणंपुरं एकोणचाळीसही नव्हतं. सोमवार होता आणि 'केसरी'चा अंक मंगळवारचा. म्हणजे टिळकांच्या हाती वेळ फारसा नव्हता. तो लेख लिहिताना त्यांना गहिवरून येत होतं, असं सांगतात. लेख वाचला की ते खरं वाटतं. कॉलेजातल्या दिवसांपासूनचा स्नेह, एकत्र पाहिलेली संस्थेची स्वप्नं, आगरकरांची बुद्धी आणि निःस्वार्थीपणा, सगळं त्यात आहे. मृत्यूपुढे लहानसहान मतभेद आपोआप विसरले जातात, अशा अर्थाचं एक वाक्यही आहे.

त्या वाक्याशी मी अडखळतो. मतभेद लहानसहान होते का? मुलीचं लग्न कोणत्या वयात व्हावं, विधवेचं काय व्हावं, शास्त्राला प्रमाण मानावं की बुद्धीला, या प्रश्नांसाठी आगरकर आयुष्यभर गरिबीत आणि कुचेष्टेत राहिले. ते प्रश्न लहान ठरवले, की माणूस आपल्याला परत मिळतो, पण तो ज्यासाठी जगला ते उरत नाही. मी टिळकांच्या भावनेवर शंका घेत नाही. दुसऱ्या दिवशीचा अंक समोर असताना मित्राविषयी लिहिणाऱ्याकडून तोलूनमापून शब्द मागणं क्रूरपणाचं होईल. पण आपण आज तो लेख विरोधकाला न्याय दिल्याचा नमुना म्हणून दाखवतो, तेव्हा एवढं बघायला हवं की त्यात माणसावर प्रेम आहे आणि विरोध मात्र बाजूला सारलेला आहे. माझ्या मृत्युलेखात मीही हेच केलं होतं. चारा छावण्या लिहिल्या आणि ज्या सहकारी संस्थेवरून आम्ही वीस वर्षं भांडलो तिचं नावही काढलं नाही.

रानड्यांवरचा लेख या दृष्टीने मला अधिक मोलाचा वाटतो. १८९५ च्या डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवायची नाही, यावरून पुण्यात एवढं रान उठलं की मंडप जाळण्याची भाषा झाली, आणि रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलवली. त्याच वर्षी सार्वजनिक सभा त्यांच्या हातून टिळकांच्या पक्षाकडे गेली होती. १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. हा सगळा ताजा इतिहास मागे असताना जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले, आणि टिळकांनी महाराष्ट्राला थंड पडलेल्या गोळ्याची उपमा देऊन, त्यात ऊब आणण्यासाठी जिवापाड खटपट करणारा माणूस म्हणून रानड्यांचं मोजमाप केलं. इथे मतभेद लहान केलेले नाहीत. कामाची यादी समोर ठेवून माणूस मोठा ठरवलेला आहे. आगरकरांच्या वेळी मित्र लिहीत होता, इथे संपादक लिहितो आहे.

गोखल्यांची गोष्ट सर्वांत अवघड. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची धरपकड चालू असताना ते वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. सोल्जरांनी घरझडतीत स्त्रियांवर अत्याचार केल्याचं पुण्याच्या मित्रांनी त्यांना पत्रांतून कळवलं, आणि त्यांनी ते तिथे जाहीरपणे सांगितलं. परतल्यावर सरकारने पुरावा मागितला. पुरावा द्यायचा म्हणजे पत्रं लिहिणाऱ्यांची नावं द्यायची. रँडचा खून नुकताच झालेला, टिळक अटकेत. नावं दिली असती, तर त्या माणसांचं काय झालं असतं हे सांगायला नको. गोखल्यांनी नावं दिली नाहीत, आरोप मागे घेतले आणि माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली आणि भित्रेपणाचा शिक्का बसला. नावं न देण्यातला धीर दिसायला बराच काळ जावा लागला.

मला विचाराल तर वृत्तपत्री न्याय नेमका इथे लागतो. गोखल्यांना चांगलं म्हणा, अशी कोणाची मागणी नव्हती. माफी चुकीची वाटली तर चुकीची म्हणावी. पण त्यांनी काय लपवलं आणि कोणासाठी लपवलं, हे त्याच बातमीत, त्याच अंकात वाचकाला कळायला हवं होतं. विरोधकाची बाजू अशी मांडावी की ती वाचून तो स्वतः म्हणेल, होय, माझं म्हणणं हेच. मग खुशाल तिचा समाचार घ्यावा. निर्णय कठोर असायला हरकत नाही, तो वाचकापुढे अर्धवट माहितीवर ठेवू नये.

१९१४ मध्ये टिळक मंडालेहून सुटून आले. जहाल आणि मवाळ एकत्र यावेत म्हणून ॲनी बेझंट यांची खटपट सुरू झाली. गोखल्यांनी भूपेंद्रनाथ बसूंना लिहिलेल्या एका खासगी पत्रातला मजकूर बाहेर फुटला, समेट फिसकटला आणि 'केसरी'तून गोखल्यांवर टीका सुरू झाली. तो वाद धगधगत असतानाच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरून स्मशानात आले आणि बोलले. ही टाळ्यांची वेळ नाही, असं त्यांनी लोकांना बजावलं. गोखल्यांना महाराष्ट्राचं रत्न म्हटलं आणि त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्या दिवशी हे म्हणायला मोठं मन लागलं, यात शंका नाही. तरी त्याच महिन्यातले आधीचे अंक आणि स्मशानातलं भाषण लागोपाठ वाचलं की अंगावर काटा येतो. रत्न ते आदल्या आठवड्यातही होते.

आता उलट बाजूचा दाखला. तो १८८२ चा आहे आणि आपल्या भाषणांत फारसा येत नाही. 'केसरी'च्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांची यथेच्छ टिंगल केली होती. फुल्यांच्या लेखी ही सगळी मंडळी भटशाहीची प्रतिनिधी. पण कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला उभा राहिला, तेव्हा जामिनाचे दहा हजार रुपये उभे करायला फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे पुढे आले. त्या काळचे दहा हजार! आणि सुटून आल्यावर दोघांच्या सत्कारातही नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधक मंडळी होती. एका संस्थानाच्या कारभाराविरुद्ध लिहिल्याबद्दल संपादक तुरुंगात जातात, तर ते आपले विरोधक आहेत की मित्र हे त्या वेळी पाहायचं नसतं, असा हिशेब त्यामागे असावा. विशेष म्हणजे फुल्यांनी आपली टीका तसूभरही सौम्य केली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला, आणि त्यात भटशाहीवरचे फटके तितकेच कडक आहेत. या आदराला मृत्यूची वाट पाहावी लागली नाही आणि मतभेदही लहान करावे लागले नाहीत.

या मदतीची फेड कशी झाली, हे सांगताना पुढे चाळीस वर्षं यावं लागतं. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे मोजून द्यायची तयारी असताना 'केसरी'ने ती छापायला नकार दिला, हे आंबेडकरांनीच पुढे 'बहिष्कृत भारता'त नोंदवून ठेवलं. टिळक तेव्हा हयात होते. टिळकांवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की मार्च १९१८ च्या मुंबईतल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत, देव अस्पृश्यता पाळत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, अशा आशयाचं ते बोलले होते. मात्र तिथल्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगायला हव्यात. आगरकर, रानडे, गोखले हे विरोधक होते, पण एकाच शहरातले, एकाच संस्थांतले, एकाच पंगतीतले. त्यांच्यावर टीका झाली, म्हणजे निदान त्यांचं अस्तित्व मान्य होतं. 'मूकनायक'च्या वाट्याला टीकाही आली नाही.

या सगळ्यानंतर आंबेडकरांचं १८ जानेवारी १९४३ चं पुण्यातलं भाषण वाचावं. रानड्यांच्या जयंतीनिमित्त बोलावणारी संस्था डेक्कन सभा, म्हणजे रानड्यांनीच स्थापलेली. मवाळांच्या घरात जाऊन आंबेडकरांनी रानड्यांचा मोठेपणा सांगितला, त्यांच्या मर्यादाही सांगितल्या आणि गांधी व जिना यांच्या अहंकारावर कडक टीका केली. वृत्तपत्रं तुटून पडली. भाषण पुस्तकरूपाने छापताना आंबेडकरांनी प्रस्तावनेत त्यांना उत्तर दिलं: हे दोघे मला आवडत नाहीत, पण मी त्यांचा द्वेष करत नाही, देशावरचं प्रेम त्याहून मोठं आहे. भारतातली पत्रकारिता एकेकाळी पेशा होती, आता ती व्यापार झाली आहे आणि विभूतिपूजा हा तिचा माल आहे, हेही त्यांनी तिथेच सुनावलं. आदर आणि पूजा यांत त्यांनी जी रेघ ओढली, ती आपल्या वृत्तपत्रांत अजून उमटलेली नाही. आपल्याकडे नेता एक तर देव असतो, नाही तर राक्षस, आणि तो वारला की राक्षसाचाही देव होतो. आचार्य अत्र्यांनी 'मराठा'तून नेहरूंना संयुक्त महाराष्ट्राच्या काळात किती सोलून काढलं आणि १९६४ मध्ये नेहरू गेल्यावर किती भारावून लिहिलं, हे पाहिलं की हा आपला जुनाच स्वभाव असल्याचं ध्यानात येतं.

आंबेडकरांचं ते छोटेखानी पुस्तक आजही सहज मिळतं. भाषण वाचण्याआधी प्रस्तावना वाचा. टीकाकार काय म्हणाले, हे त्यांनी तिथे आधी सांगितलं आहे आणि मग त्यांना उत्तर दिलं आहे.