डेव्हलपर परिषदेला जाताना

भिवंडीच्या गोदामांसाठी मालाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने पुण्या-बंगळूरच्या परिषदेला जावं का? जावं; पण प्रत्येक भाषण ऐकायचा हट्ट धरू नये. 2009 पासून भरणारी पायथन भाषेची पायकॉन इंडिया असो की वर्डप्रेसवाल्यांचा वर्डकॅम्प, बहुतेक भाषणांचे व्हिडिओ नंतर फुकट बघायला मिळतात. चहाच्या रांगेतली माणसं मात्र तिथेच भेटतात. त्यांना नुसतं ‘मी डेव्हलपर’ सांगून काही होत नाही. ‘गोदामात नेट गेलं की स्कॅनरच्या नोंदी दोनदा चढतात, तुम्ही काय करता?’ असं विचारलं, की समोरचा स्वतःहून लॅपटॉप उघडतो. अनोळखी घोळक्यात शिरायचा संकोच वाटतो, हे खरंच. त्यावर एरिक होल्शर या प्रोग्रामरने ‘पॅकमॅन नियम’ सुचवला: गोल करून उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी ठेवायची, त्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या उघड्या तोंडासारखी. वर्डकॅम्पमध्ये अनेकदा प्रत्यक्ष योगदानासाठी वेगळा दिवस असतो; कोडिंग जमत नसेल, तर वर्डप्रेसच्या मराठी अनुवादाला हातभार लावता येतो. माझ्या मते तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. टी-शर्ट आणि स्टिकर गोळा करण्यात दुपार घालवणारेही असतात, त्यांना शुभेच्छा! ओळख झाली, तर त्याच रात्री दोन ओळींचा मेल टाकावा. आठवड्यानंतर नाव आठवतं, चेहरा आठवत नाही.