कातडं कुणाचं?

२०२५ ची दिवाळी शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला काळी गेली. १२ ऑक्टोबरला बिबट्यानं पाच वर्षांच्या मुलीचा जीव घेतला, दहा दिवसांनी एका आजींचा आणि २ नोव्हेंबरला तेरा वर्षांच्या मुलाचा. तीन आठवड्यांत एकाच परिसरातली तीन माणसं गेली. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडला. वन्यजीव विभागाच्या वरिष्ठांनी परवानगी दिली, नेमबाज आले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री नर बिबट्या गोळीनं पडला. गावकऱ्यांना दाखवून त्याचं शव शवविच्छेदनासाठी जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात नेलं.

शिकार झाली, पुढं कातड्याचं काय? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. ज्याची गोळी त्याचं कातडं, असा शिरस्ता होता. आज त्याचं उत्तर नेमकं उलटं आहे आणि शिरूर-दौंडच्या प्रत्येक घराला ते ठाऊक असायला हवं.

मीठ, साल आणि सोमल

कातडं थांबत नाही. आपल्याकडच्या उन्हात काही तासांत ते कुजायला लागतं आणि हात लावला की केस सुटून येतात. म्हणून आधी मांस-चरबी खरवडायची आणि मीठ चोळायचं. मीठ पाणी ओढून घेतं, त्यामुळे जंतूंची वाढ मंदावते. पण टिकाऊपणा येतो तो कमावण्यानं. गुराढोरांची कातडी कमावणं हा आपल्याकडे ढोर समाजाचा पिढीजात व्यवसाय. चुन्यात भिजवून केस काढायचे आणि मग बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात कातडं दिवसचे दिवस मुरवायचं. सालीतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतो, मग ते सहजी कुजत नाही. कालवे येण्याआधी या कोरडवाहू पट्ट्यातल्या विहिरींवर चालणाऱ्या चामड्याच्या मोटा याच कसबावर उभ्या होत्या.

वाघ-बिबट्याच्या कातड्यावर मात्र केस राहायला हवेत, म्हणून तिथं चुना चालत नाही. संस्थानिक आणि साहेब लोक आपली शिकार म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या प्रसिद्ध कारखान्यात पाठवत. तो १९९९ साली बंद झाला. जुन्या काळी जगभर अशा कातड्यांना कीड लागू नये म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिक, घातलेला साबण चोळत असत. त्यामुळे वाड्याच्या माडीवर जुनं कातडं किंवा पेंढा भरलेलं मुंडकं असेल, तर ते काठीनं झोडपू नका आणि मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका. ते विष इतक्या वर्षांनंतरही त्यात असू शकतं.

मृगाजिनालाही सूट नाही

दौंडला लागून, बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं हे गवताळ रान चिंकाऱ्याचं घर आहे. हरणाच्या कातड्याला आपल्या परंपरेत जपाच्या आसनाचा मान आहे, म्हणून पुष्कळांना वाटतं की मृगाजिन घरात असलं तर चालतं. चालत नाही. काळवीट, चिंकारा आणि बिबट्या हे तिघंही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

या कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार परवानगीनं मारलेला, चोरून मारलेला, चुकून मेलेला किंवा मृत सापडलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, पण शव तेव्हाही सरकारचंच. असं काही हाती आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचं कातडं बेकायदा बाळगल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड होतो.

मग आजोबांच्या ट्रंकेतल्या कातड्याचं काय करायचं? नोंदणीची शेवटची मोठी संधी २००३ साली मिळाली होती, १८० दिवसांची. ज्या घरांनी तेव्हा किंवा त्याआधी मालकीचं प्रमाणपत्र घेतलं, त्यांच्या वारसांनी वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं असतं. ठेवायचं नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनं वाट करून दिली आहे. सात कामकाजी दिवसांची नोटीस देऊन ते सरकारजमा करता येतं. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर वकिलाचा सल्ला घेऊन वनविभागाकडे जावं. विकणं, भेट देणं किंवा गुपचूप जाळून टाकणं यातून संकट वाढतंच.

आगीच्या स्वाधीन

बिबट्याचं शव आलं की पशुवैद्यक कातड्याबरोबर चार सुळे, अठरा नखं आणि मिशाही तपासतात. एखादं नख कमी असेल तर संशयाची सुई शिकारीकडे वळते. तपासणी झाली की अधिकाऱ्यांसमोर शव जाळतात, असा प्रघात आहे. काही मोजकी कातडी शिक्षणासाठी उपयोगी पडतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून असलेल्या केंद्रात डॉ. संतोष गायकवाड यांनी मेलेल्या प्राण्यांना अभ्यासासाठी जिवंत वाटावं असं रूप दिलं आहे. बाकीचं सगळं राख होतं. आसामनं २२ सप्टेंबर २०२१ रोजी गेंड्यांची २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली, तीही याच विचारानं. जे बाजारात जाऊच शकत नाही, त्यासाठी कुणी बंदूक उचलत नाही.

शिरूरच्या उसात बिबट्या राहतो, वाढतो, पिल्लं देतो. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि त्याला बारमाही आडोसा मिळाला. म्हणजे उसाच्या फडात किंवा रस्त्याच्या कडेला मेलेला बिबट्या उद्या आपल्यापैकी कुणाच्याही समोर येऊ शकतो. तेव्हा बाळाच्या गळ्यात बांधायला नख काढून घेण्याचा मोह होईल. हात आवरा आणि १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करा.

पिंपरखेडच्या त्या घरांचं दुःख कुठल्याही कातड्यानं भरून निघणारं नाही आणि त्यांनी कातडं मागितलंही नव्हतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की अंगणात खेळणारं लेकरू संध्याकाळी घरात यावं. गोळी त्यासाठी चालली. कातड्याला दाम नाही, म्हणूनच पुढची गोळीही फक्त त्याच कारणासाठी चालेल याची खात्री राहते. ती राखणं आपल्या हातात आहे.