राजीनाम्यानंतरची पगारवाढ

जबलपूर शहराच्या पूर्वेस रांझी नावाची वस्ती आहे. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, आणि वाहन निर्माणी १९६९ सालची. या तीन कारखान्यांच्या भोंग्यांवर येथील दिनक्रम बेतलेला असे. शक्तिमान ट्रक आणि ‘जोंगा’ ही सैन्याची जीपगाडी येथल्या लोकांनी बनविली. जोंगा हे नावही जबलपूरच्याच कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून जुळविलेले आहे, हे बाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक असते. भोसल्यांच्या अमदानीपासून या भागात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली. त्यांतील पुष्कळांच्या दोन-दोन पिढ्या कारखान्यात नोकरीस लागून तेथूनच निवृत्त झाल्या.

अशा वस्तीतून माहिती तंत्रज्ञानाच्या नोकरीस गेलेल्या मुलांसमोर जो एक प्रश्न हटकून उभा राहतो, त्याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. नोकर राजीनामा देतो. कंपनी म्हणते, थांबा, आम्ही पगार वाढवून देतो. इंग्रजीत यास काउंटर ऑफर म्हणतात. मराठीत ‘प्रतिप्रस्ताव’ हा शब्द चालण्याजोगा आहे, जरी बोलताना तो कोणी वापरीत नाही. हा प्रतिप्रस्ताव स्वीकारावा की नाकारावा?

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी आधी एक उदाहरण घेऊ. आमच्या शेजारची एक मुलगी गोकलपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन पुण्यास गेली. हे महाविद्यालय १९४७ सालचे, रांझीतच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सात वर्षे तिने हिंजवडीतील एकाच कंपनीत काढली. वडील वाहन निर्माणीतून निवृत्त झालेले. आईचे गुडघे गेलेले. दुसऱ्या एका कंपनीने तिला घरून, म्हणजे रांझीहून, काम करण्याची मुभा देऊ केली आणि तिने राजीनामा दिला. तिसऱ्या दिवशी जुन्या कंपनीच्या व्यवस्थापकाने तिला बोलावून घेतले आणि पगार वाढविण्याची तयारी दाखविली. तिने घरी फोन केला तेव्हा वडील म्हणाले, “बाळ, चाळीस वर्षांत सरकारने कुणाला थांबवून जास्त पैसे दिल्याचे मी पाहिले नाही. यात काहीतरी गोम असली पाहिजे.”

वडिलांचा संशय अडाणीपणाचा नव्हता. शासकीय सेवेच्या निवृत्तिवेतनविषयक नियमांनुसार राजीनामा दिला की सामान्यतः मागची सारी सेवा जप्त होते. परवानगी घेऊन दुसऱ्या शासकीय पदावर जाणाऱ्यासच तेवढी सवलत. तेथे पगार श्रेणीने ठरतो, बढती ज्येष्ठतेने. व्यक्तीशी घासाघीस करण्यास जागाच नाही. ज्याने आयुष्यभर हा हिशेब पाहिला, त्यास राजीनामा हे सौद्याचे साधन होऊ शकते हे पटावे तरी कसे? मात्र अलीकडे याच कारखान्यांतील कामगारांपुढेही तशाच जातीचा प्रश्न आला आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. वाहन निर्माणी एका कंपनीकडे गेली, खमरिया पुण्यात मुख्यालय असलेल्या दुसरीकडे, तोफगाड्यांचा कारखाना तिसरीकडे. कर्मचाऱ्यांस प्रथम दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर मानण्यात आले आणि पुढे ती मुदत वाढविण्यात आली. सरकारी नोकर म्हणून राहणे बरे की कंपनीत सामावून घेतले जाणे बरे, ही चर्चा रांझीच्या चहाच्या टपरीवर आजही ऐकू येते.

आता कंपनी प्रतिप्रस्ताव का देते ते पाहू. यात कपट असतेच असे नाही. सॉफ्टवेअरच्या कामात एखाद्या प्रणालीचे बारकावे बहुधा कागदावर नसतात. ते ज्याने काम केले त्याच्या डोक्यात असतात. तो गेला की ग्राहकाचे काम अडते, आणि जितके दिवस ती जागा रिकामी तितक्या दिवसांचे बिल ग्राहकास लावता येत नाही. शिवाय बाहेरून नवा माणूस आणावयाचा तर बाजारभावाने आणावा लागतो, आणि बाजारभाव जुन्या नोकराच्या वार्षिक वाढीपेक्षा पुष्कळदा पुढे धावत असतो. याचा अर्थ असा की, जी रक्कम देण्यास कंपनी आज तयार आहे, ती तिला कालही परवडत होती. या एका वाक्याने अनेकांचा अहंकार दुखावतो आणि ते तडकाफडकी नकार देतात. तसे करण्याचे कारण नाही. पगार म्हणजे आपल्या किमतीचे प्रमाणपत्र नव्हे. परंतु कंपनी माणूस विकत घेत आहे की थोडा अवधी विकत घेत आहे, एवढे मात्र ओळखता आले पाहिजे.

हा व्यवहार किती वाढला होता हे २०२१-२२ या वर्षाने दाखविले. मार्च २०२२ मध्ये संपलेल्या बारा महिन्यांत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण १७.४ टक्के होते, इन्फोसिसमध्ये २७.७ टक्के. राजीनाम्यानंतर ९० दिवस थांबण्याची अट अनेक मोठ्या कंपन्यांत असल्यामुळे त्या तीन महिन्यांत उमेदवार आणखी दोन-तीन नियुक्तिपत्रे जमवीत आणि प्रत्येक पत्र पुढच्याला दाखवून भाव वाढवीत. पुढे वारे फिरले. मार्च २०२४ पर्यंत हेच प्रमाण दोन्हीकडे साडेबारा टक्क्यांच्या आसपास आले आणि त्या आर्थिक वर्षात टाटांच्या कंपनीतील मनुष्यबळ १३,२४९ ने घटले. सुगीच्या दिवसांत शिकलेली सौदेबाजी दुष्काळात वापरू नये, हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसास सांगावे लागत नाही.

आता आकड्यांकडे वळू. येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चुका येथेच होतात. कंपनीच्या पत्रात लिहिलेला वार्षिक आकडा हा ‘कंपनीस येणारा खर्च’ असतो. त्यात भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा असतो, पुष्कळदा ग्रॅच्युइटीची तरतूद असते, आणि कामगिरीवर अवलंबून असलेली अनिश्चित रक्कमही असते. समजा, एखाद्यास आज १२ लाख रुपये मिळतात. नवी कंपनी १६ लाख देऊ करते. जुनी कंपनी साडेपंधरा लाखांवर येते. वरवर पाहता अर्ध्या लाखाचा फरक. ओळखीची माणसे, ओळखीचे काम, तेव्हा राहावे हे बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नव्या १६ लाखांतील २ लाख कामगिरीवर अवलंबून आहेत असे धरा. जुन्या साडेपंधरांतील दीड लाख वर्षभर टिकून राहिल्यास एकदाच मिळणारा बोनस आहे असे धरा. उरलेली निश्चित रक्कम दोन्हीकडे १४ लाखच! पुढील वाढीची टक्केवारी लागू होईल तीही बहुधा या १४ लाखांवर.

अजून एक पायरी आहे. राजीनामा डिसेंबरात दिला आणि एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे १० टक्के वाढ व्हावयाची होती असे समजू. ती झाली असती तर पगार १३ लाख २० हजारांवर गेला असता. प्रतिप्रस्ताव स्वीकारणाऱ्यास बहुधा सांगण्यात येते की, आपली वाढ झालेलीच आहे, एप्रिलमध्ये पुन्हा नाही. म्हणजे एप्रिलनंतर खरी मिळकत वर्षाला ८० हजार रुपयांची, महिन्याला साडेसहा हजारांहून थोडी अधिक, आणि तीही कर वजा होण्यापूर्वीची. उद्याची पगारवाढच आज हातावर ठेवली गेली. एप्रिलच्या वाढीबद्दलचा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

ग्रॅच्युइटीचेही तसेच. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेले सूत्र असे की, सलग पाच वर्षे सेवा झालेल्या कायम नोकरास प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. हिशेबात धरावयाचे वेतन महिना ५० हजार असल्यास वर्षामागे सुमारे २८,८०० रुपये, पाच वर्षांचे सुमारे १ लाख ४४ हजार. पाच वर्षे भरण्यास थोडेच महिने उरले असता घाईने निघणारा मनुष्य ही रक्कम मागे ठेवून जातो. नव्या कंपनीने दिलेला रुजू होण्याचा बोनसदेखील वर्षाच्या आत सोडल्यास बहुधा परत मागितला जातो.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? याचे सर्वांत परिचित उदाहरण सॉफ्टवेअरचे नसून सुताचे आहे, आणि ते महाराष्ट्रातले आहे. कल्याणजवळील सेंच्युरी रेयॉनच्या टायर-दोऱ्याच्या विभागात गोळीकरी नावाचे पाळी-पर्यवेक्षक होते. परदेशी कंपन्यांकडून मिळालेले तंत्र गुप्त ठेवण्याच्या अटीसह त्यांनी १९६३ साली पाच वर्षांचा करार केला होता. १९६४ मध्ये ते अधिक पगारावर कोट्याच्या रेयॉन कारखान्यात गेले. कंपनीने पगारवाढ देऊ केली नाही. राजीनामा मंजूर नाही, कामावर या, असे कळविले आणि कराराकडे बोट दाखविले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे तेच काम न करण्याची अट ही व्यवसायस्वातंत्र्यावरील बेकायदा बंधन ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. नोकरी संपल्यानंतरची बंदी ही वेगळी गोष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम तिच्या आड येते. २०२२ मध्ये इन्फोसिसच्या नियुक्तिपत्रातील, सहा महिने विशिष्ट प्रतिस्पर्धी कंपन्यांत ठरावीक परिस्थितीत काम न करण्याच्या अटीविरुद्ध पुण्याच्या एका संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, ती याच मुद्द्यावर. पैशाच्या बंधपत्राचे मात्र तसे नाही. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडणाऱ्याकडून २ लाख रुपये घेण्याची अट वैध ठरविली. तेव्हा प्रतिप्रस्तावासोबत नवे बंधपत्र येत असेल, तर ते सही करण्यापूर्वी वाचावे. नंतर वाचण्यात अर्थ नाही. कोणालाही बळजबरीने कामावर ठेवण्याचा हुकूम मात्र न्यायालय देत नाही.

प्रतिप्रस्ताव स्वीकारणारे बहुतेक सहा महिन्यांत जातातच, असे एक विधान नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थांकडून आग्रहाने केले जाते आणि त्याबरोबर ८० किंवा ९० टक्के असा एखादा आकडाही फेकला जातो. हे सांगणाऱ्याची बाजू ध्यानात घ्यावी. उमेदवार नव्या कंपनीत रुजू झाला तरच त्या संस्थेस मोबदला मिळतो. तो सामान्यतः वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याच्या पगाराइतका असतो. अशा मध्यस्थाच्या तोंडून निष्ठेवरील व्याख्यान ऐकताना थोडे हसू येते. वस्तुतः प्रतिप्रस्ताव स्वीकारणे योग्य ठरते अशा स्थिती आहेत. जाण्याचे कारण केवळ पगार असेल आणि वाढ निश्चित रकमेत असेल, किंवा कारण एखादे कंटाळवाणे काम असेल आणि त्यातून कोणत्या तारखेस सुटका होईल हे लिहून मिळत असेल, तर राहण्यात कमीपणा नाही. नव्या कंपनीस शब्द दिला असेल तर मात्र नकार लगेच कळवावा. तिने आपल्यासाठी तीन महिने जागा राखून ठेवली असते, आणि आदल्या दिवशी फोन बंद करून बसणाऱ्यामुळे पुढील उमेदवाराकडे संशयाने पाहिले जाते.

उलट दिशेने शब्द पाळल्याचेही एक जुने उदाहरण आहे. जुलै १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली. संस्थापक सातही जण पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेले. तथापि नारायण मूर्ती स्वतः जुन्या कंपनीतील हाती घेतलेले काम पुरे करून १९८२ मध्ये आपल्याच कंपनीत रुजू झाले.

आमच्या शेजारणीच्या मुलीने वरील आकडेमोड केली, आणि दोन्हीकडील निश्चित रकमांत फारसा फरक नाही असे तिला आढळले. मग तिने एका कागदावर राजीनामा देण्याचे कारण लिहून काढले. त्यात पगाराचा उल्लेखच नव्हता. आईला दवाखान्यात नेणे, वडिलांनी एकट्याने बँकेत जाणे, दिवाळीच्या वेळी पुणे-जबलपूर गाडीचे आरक्षण न मिळणे, असे चार-पाच मुद्दे होते. तिने व्यवस्थापकास सांगितले की, वाढ नसली तरी चालेल. महिन्यातील तीन आठवडे रांझीहून काम करण्याची परवानगी पत्रात लिहून द्या. व्यवस्थापक सज्जन होते. “ते मी बघतो, त्याची काळजी करू नका,” असे ते म्हणाले. आठ दिवसांनी सुधारित पत्र आले. रक्कम तिच्या अपेक्षेपेक्षाही अधिक होती. परवानगीचे वाक्य त्यात नव्हते. तिने पुन्हा विचारले. उत्तर आले की, धोरण सर्वांना सारखे असल्यामुळे कागदावर तसे लिहिता येत नाही, पण आपण तोंडी समजून घेऊ. ते व्यवस्थापक दुसऱ्या विभागात गेले तर त्या तोंडी शब्दाचे काय, हे तिने विचारले नाही.

नव्वदाव्या दिवशी तिने संगणक आणि ओळखपत्र जमा केले. रांझीच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली रिकामी करून तेथे टेबल मांडण्यात आले आहे. वीज अधूनमधून जाते म्हणून वडिलांनी इन्व्हर्टर बसवून घेतला आणि त्याची जोडणी स्वतः तपासली.